अश्रू खरे असूनही पाप का सुटत नाही?

वाचकाचे पत्र

मी लहानपणापासून मंडळीत वाढलो आहे. गेली काही वर्षे मोबाइलवरच्या ऑनलाइन जुगारात मी अडकलो आहे. भावाने विश्वासाने माझ्याकडे ठेवायला दिलेले पैसे त्यात गेले. पत्नीला यातले काहीच ठाऊक नाही. मोठी रक्कम हरलो की मी गुडघे टेकून रडतो, देवाजवळ क्षमा मागतो आणि अ‍ॅप काढून टाकतो. काही आठवडे बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. एक खाते मात्र मी कधीच बंद केलेले नाही. का ते मलाही नीट सांगता येत नाही. देव मला कंटाळला असेल का? माझा पश्चात्ताप खोटा आहे का? पूर्ण अंतःकरणाने पश्चात्ताप करणे म्हणजे नेमके काय करणे? देवाजवळ पाप कबूल केले की पुरे, की पत्नीला आणि भावालाही सांगावे लागेल? आणि अशा अवस्थेत मी प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतील भाकर व द्राक्षरसाच्या विधीत भाग, घ्यावा का?

उत्तर

प्रिय बंधू,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते मनात पक्के बसले नाही तर पुढे मी जे सांगणार आहे ते सगळे तुम्हाला नवे ओझे वाटेल. देव तुम्हाला कंटाळलेला नाही. हे मी केवळ धीर देण्यासाठी लिहीत नाही. शुभवर्तमानातील पश्चात्तापाच्या कथांचा क्रमच तसा आहे. यरीहोचा जकातदार जक्कय याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले, हे आपल्याला चांगले आठवते. पण त्याने यांपैकी काहीही म्हणण्यापूर्वी येशूने, तो ज्या झाडावर त्याला पाहायला चढला होता त्याखाली थांबून, त्याला नावाने हाक मारली होती आणि आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे असे सांगितले होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही मुलगा परत निघताना बापापुढे काय बोलायचे ते मनाशी ठरवतो आणि त्यातले शेवटचे वाक्य असते की, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखे ठेवा. घरी पोहोचल्यावर तो बोलायला सुरुवात करतो, परंतु ते वाक्य त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. मोलकरी म्हणून राहण्याची अट मुलाच्या मनातली होती. बापाच्या मनात ती कधी आलीच नाही. तुमच्या पत्रात मला तीच अट दिसते. आधी मी पुरेसा शुद्ध होईन, मग देव मला जवळ करील, असे तुम्ही कुठेतरी धरून चालला आहात, आणि शुद्ध होणे जमत नाही म्हणून देवच दूर गेला असे तुम्हाला वाटू लागले आहे. ख्रिस्ताने वधस्तंभावर जे केले ते तुमच्या सुधारणेची वाट पाहत थांबलेले नव्हते. त्या आधारावर उभे राहूनच माणूस पाप सोडू शकतो, आणि पुढचे सगळे मी त्याच आधारावर लिहीत आहे.

आता तुमच्या अश्रूंविषयी. ते खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नका. मोठी रक्कम हरलो की मी गुडघे टेकतो, असे तुम्ही लिहिले आहे. ज्या रात्री तुम्ही जिंकलात त्या रात्री तुम्ही गुडघे टेकले होते का? भावाची ठेव पणाला लावण्याचे पाप दोन्ही रात्री सारखेच होते, पत्नीशी लपवाछपवी दोन्ही रात्री तीच होती. फरक होता तो फक्त निकालात. पश्चात्ताप जर हरल्यावरच येत असेल, तर तो पापाविषयी किती आहे आणि नुकसानीविषयी किती, हे स्वतःशी तपासून पाहणे आवश्यक आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन प्रकारच्या दुःखांत स्पष्ट भेद केला आहे: देवाला अनुसरून झालेले दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेते, तर जगाच्या रीतीचे दुःख मरणाकडे नेते. विशेष म्हणजे त्याच्या लगेच पुढच्या वचनात देवाला अनुसरून असलेल्या दुःखाची लक्षणे देताना पौल अश्रूंचा उल्लेख करीत नाही. तो कळकळ, संताप, भय, उत्कंठा, झालेल्या गोष्टीचा न्याय करण्याची तयारी, अशा माणसाला हालचाल करायला लावणाऱ्या गोष्टी सांगतो. तुमच्या रडण्याने तुम्हाला आजवर मोकळे वाटले असेल, पण मोकळे वाटल्यामुळेच पुढचे पाऊल टाकण्याची निकड संपली असेल, असे मला तुमचे पत्र वाचताना राहून राहून वाटले.

हा भेद समजण्यासाठी शौल आणि दावीद या दोन राजांकडे थोडे थांबून पाहावे असे मला वाटते, कारण दोघांनीही "मी पाप केले आहे" हे शब्द उच्चारले आणि तरीही त्यांचे पुढे जे झाले ते अगदी वेगळे होते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात शौलाला अमालेकी लोकांचे काहीही राखून न ठेवण्याची आज्ञा होती. त्याने जवळजवळ सगळी पाळली. राजा अगागाला त्याने जिवंत ठेवले, उत्तम मेंढरे आणि गुरे ठेवली, आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर आपण परमेश्वराची आज्ञा पाळली असे सांगितले. मेंढरांचा आवाज ऐकू येतच होता. तो कसला, असे विचारल्यावर ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी राखली आहेत, असे कारण त्याने पुढे केले. मग पाप कबूल केले, पण लोकांच्या भीतीने केले असे म्हणाला. आणि शेवटी दुसऱ्यांदा कबुली देताना त्याने मागितले ते हे की, माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा. त्याच्या कबुलीत सगळे काही होते, पण तिची काळजी प्रतिष्ठेपुरती होती. दाविदाचे पाप माणसांच्या हिशेबात कितीतरी भयंकर होते: आपला सैनिक उरीया याच्या पत्नीशी व्यभिचार आणि तो झाकण्यासाठी उरीयाचा घात. नाथान संदेष्ट्याने दोषारोप केल्यावर दाविदाने एवढेच म्हटले की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. कारण दिले नाही, मान राखण्याची विनंती केली नाही. एक्कावन्नाव्या स्तोत्रात तो शिक्षा टळण्याच्या विनवणीपेक्षा शुद्ध हृदय मागण्यात अधिक गुंतलेला दिसतो. आपल्याला आतून बदलले पाहिजे हे त्याला उमगले होते. क्षमा त्याला त्याच क्षणी मिळाली, आणि तरीही त्याच्या कृत्याचे परिणाम त्याच्या घरातून गेले नाहीत. हेही लक्षात असू द्या, कारण क्षमा झाल्यावर कर्ज आपोआप फिटेल अशी आशा तुम्ही धरू नये.

तर बंधू, ते एक खाते म्हणजे तुमची राखून ठेवलेली मेंढरे आहेत. ते का ठेवले ते सांगता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे. मला वाटते कारण साधे आहे. कधीतरी परत जावेसे वाटले तर वाट असावी म्हणून ते ठेवले आहे. पूर्ण अंतःकरणाने पश्चात्ताप करणे म्हणजे काय, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बाबतीत इथेच आहे. त्यात भावनेची तीव्रता किती आहे हे पाहण्याआधी आपण परतीची वाट राखून ठेवली आहे का, हे पाहावे लागते. यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात यहूदा राष्ट्राला स्त्री कल्पून परमेश्वराने केलेली तक्रार हीच आहे की ती पूर्ण मनाने परत आली नाही, तिचे परतणे दिखाऊ होते. आणि योएल संदेष्टा वस्त्रे फाडण्याऐवजी अंतःकरणे फाडायला सांगतो. प्राचीन मंडळीचे धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी आपल्या तरुणपणीच्या प्रार्थनेविषयी अतिशय प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की, आपण देवाकडे शुद्धता मागत होतो पण ती इतक्यात नको असेही म्हणत होतो, कारण देव ती प्रार्थना लगेच ऐकेल याचीच आपल्याला भीती वाटत होती. इ.स. ३८६ मध्ये मिलान येथे त्यांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले, पण त्याआधी कितीतरी काळ ते खरोखरच तळमळत होते आणि तरीही सोडत नव्हते. तळमळ आणि राखून ठेवणे एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्या अनुभवातून कळते, आणि म्हणूनच केवळ तळमळीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथील विश्वासणाऱ्यांचा प्रसंग आहे. जादूटोणा करणाऱ्या पुष्कळ जणांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. ती पुस्तके विकून मोठी रक्कम धर्मकार्याला देता आली असती, आणि व्यवहारी माणसाला तो मार्ग शहाणपणाचा वाटला असता. पण ज्या गोष्टीने आपल्याला बांधून ठेवले ती दुसऱ्याच्या हाती देणेही त्यांना नको होते. तेव्हा हे पत्र वाचून झाल्यावर ते खाते कायमचे बंद करा. त्यात काही रक्कम शिल्लक असेल तर तीही "शेवटची एकदा" खेळायला वापरू नका. काढता येत असेल तर काढून भावाच्या पैशांत जमा करा. पुन्हा नोंदणी होऊ नये म्हणून स्वतःहून प्रतिबंध घालून घेण्याची सोय अनेक जुगार-संकेतस्थळांवर असते. ती आणि बँकेकडून अशा व्यवहारांवर बंदी घालता येत असेल तर तीही वापरा. उजवा डोळा पापाला प्रवृत्त करीत असेल तर तो उपटून टाक, हे येशूचे बोलणे शरीराला इजा करण्याविषयी नाही, पण ते सौम्य करून वाचावे असेही नाही. ज्यावाचून राहता येणार नाही असे वाटते तेसुद्धा काढून टाकावे लागते, एवढे गांभीर्य त्यात नक्कीच आहे.

पत्नीला आणि भावाला सांगण्याविषयी तुम्ही विचारले आहे. प्रत्येक पाप प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे असे माझे मत नाही. मनात येऊन गेलेल्या एखाद्या विचाराची कबुली समोरच्यावर नाहक जखम करू शकते. पण तुमच्या बाबतीत मला काही संदेह वाटत नाही. तुमच्या पत्नीचे जगणे त्या पैशांशी बांधलेले आहे आणि भावाची तर ती ठेवच आहे, म्हणून सत्य जाणण्याचा त्यांचा हक्क आहे. लेवीयाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी अगदी हाच प्रसंग आला आहे: शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूविषयी जर कोणी लबाडी केली तर ते परमेश्वराविरुद्ध केलेले पाप आहे, असे तिथे आधी म्हटले आहे, आणि मग त्याने ती पूर्ण परत करावी, तिचा पाचवा हिस्सा वर द्यावा आणि त्यानंतर दोषार्पण आणावे असे सांगितले आहे. पाचवा हिस्सा मोजून द्यावा अशी सक्ती आज ख्रिस्ती माणसावर नाही. परंतु देवाविरुद्धचे पाप आणि माणसाचे नुकसान ही दोन वेगवेगळी खाती आहेत, असे शास्त्र मानत नाही, हे मात्र त्यातून स्पष्ट होते. देवाजवळ कबूल केले म्हणून भावापुढे गप्प राहता येते, ही समजूत सोयीची आहे, खरी नाही.

पत्नीला सांगताना एकाच बैठकीत सगळे सांगा. थोडे आज, थोडे पुढच्या महिन्यात, असे हप्त्याने बाहेर आलेले सत्य पहिल्या धक्क्यापेक्षा अधिक विश्वास मोडते, कारण प्रत्येक वेळी अजून काय लपले असेल हा प्रश्न तिच्या मनात उरतो. बँकेचे हिशेब, कर्जे, रकमा, सगळे आधी कागदावर लिहून काढा आणि तो कागद तिच्या हाती द्या. कामाचा ताण होता, मित्राने शिकवले, अशी कारणे सांगू नका. ती खरी असली तरी त्या दिवशी सांगू नका. "देवाने मला क्षमा केली आहे" हे वाक्य ढालीसारखे पुढे करू नका, आणि तिने लगेच क्षमा करावी अशी अपेक्षाही धरू नका. तिला रागावण्याचा आणि वेळ घेण्याचा अधिकार आहे. घरच्या पैशांचा कारभार काही काळ तिच्याकडे सोपवा. भावाकडे जाताना किती रक्कम गेली आणि ती दरमहा कशी फेडता येईल याचा लेखी आराखडा घेऊन जा, आणि तो मोडण्याची वेळ आली तर आधी त्याला कळवा. एक विचार तुमच्या मनात निश्चित येत असेल की, एकदाच मोठी रक्कम जिंकली तर भावाचे पैसे परत करून टाकीन आणि कोणालाच काही कळणार नाही. तो विचार पश्चात्तापाचे रूप घेऊन आलेला मोह आहे आणि या व्यसनातील पुष्कळ माणसे त्याच विचाराने खोल गेलेली आहेत.

मंडळीतील एका व्यक्तीलाही सांगा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. तुम्ही कॅथोलिक परंपरेत असाल तर धर्मगुरूंपुढचे पापनिवेदन तुमच्यासाठी खुले आहे आणि तिथे सांगितलेले गुप्त राहते. प्रोटेस्टंट असाल तर पाळक किंवा एखादा परिपक्व विश्वासू बंधू निवडा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याचे चरित्र मला नेहमी अस्वस्थ करते. त्याला पस्तावा झाला होता, आपण निर्दोष रक्ताचा विश्वासघात करून पाप केले असे त्याने बोलून दाखवले होते, तीस रुपये परतही केले होते. पण तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी त्याचे आम्हाला काय असे म्हणून त्याला झिडकारले. तिथून तो एकटा निघून गेला. पेत्राने त्याच रात्री प्रभूला तीनदा नाकारले होते आणि तोही फार रडला होता. पण तो इतर शिष्यांत राहिला, आणि म्हणून पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी जेव्हा प्रभूने तू माझ्यावर प्रीती करतोस का असे तीनदा विचारले तेव्हा उत्तर द्यायला तो तिथे होता. लाज माणसाला एकटे पाडते. या काळात जीव नकोसा वाटण्याचा विचार कधी आलाच, तर तो त्याच घटकेला कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. तो विचार ही देवाची शिक्षा नव्हे.

डॉक्टरांचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगतो. जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात नोंदलेला आहे आणि त्यासाठी समुपदेशन व उपचार उपलब्ध आहेत. १९५७ साली सुरू झालेल्या गॅम्बलर्स अनॉनिमस या, जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परसाहाय्य संघटनेच्या बारा पायऱ्यांतही स्वतःचा नैतिक आढावा घेणे, चुका दुसऱ्या माणसासमोर मांडणे आणि ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे या गोष्टी आहेत. उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. तसेच आजार आहे म्हणून पाप नाही, असेही स्वतःला सांगू नका. तुम्ही भावाला सत्य सांगितले नाही तो भाग कोणत्याही आजाराच्या नावावर टाकता येणार नाही.

काढून टाकल्यानंतर जी जागा रिकामी होते तिच्याविषयी आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितले आहे की माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा परत येतो आणि ते घर त्याला रिकामे, झाडलेले व नीटनेटके आढळते, तेव्हा तो आपल्यापेक्षा दुष्ट असे आणखी सात आत्मे घेऊन त्यात राहायला येतो. तुमचे "काही बरे आठवडे" मला त्या झाडलेल्या घरासारखे वाटतात. अ‍ॅप गेले, पण ज्या वेळी तुम्ही ते उघडत होता ती रात्रीची वेळ तशीच मोकळी राहिली. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल चोराला फक्त चोरी थांबवायला सांगून सोडत नाही. त्याने आपल्या हातांनी काम करावे आणि गरजवंताला देण्यासाठी त्याच्याजवळ काही असावे, असे तो पुढे म्हणतो. घेणारा हात देणारा झाला म्हणजे ते परिवर्तन पूर्ण होते. तुम्हीही ती वेळ ठरवून भरा: पत्नीबरोबर प्रार्थना, भावाच्या फेडीसाठी जास्तीचे काम, मंडळीतील एखादी नियमित सेवा. पहिले काही महिने रात्री फोन खोलीबाहेर ठेवा. आणि पापाची कृत्ये ठार मारण्याविषयी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात जे लिहिले आहे ते "आत्म्याच्या योगे" असे आहे. निव्वळ निश्चयाच्या बळावर तुम्ही आजवर जे केले त्याचा अनुभव तुम्हाला आहेच, म्हणून मोह आल्यावर प्रार्थना करण्याऐवजी मोह येण्याच्या वेळेआधी प्रार्थना करण्याची सवय लावा.

हे सगळे केल्यावरही एखादे वेळी पाय घसरू शकतो. तसे झाले तर लपवू नका; ज्यांना आधी सांगितले त्यांना त्याच दिवशी सांगा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांपैकी पहिल्याच प्रबंधात म्हटले आहे की प्रभूने पश्चात्ताप करा असे म्हटले तेव्हा विश्वासणाऱ्याचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे असा त्याचा हेतू होता. योहानाच्या पहिल्या पत्रातील पापकबुलीचे आणि क्षमेचे वचनही विश्वासणाऱ्यांनाच उद्देशून आहे. घसरणे आणि परतीची वाट राखून ठेवणे यांत मोठे अंतर आहे, आणि खाते बंद झाल्यावर ते अंतर तुम्हाला स्वतःलाच जाणवेल.

शेवटी प्रभुभोजनाविषयी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे असे सांगतो. परीक्षा करून दूर राहावे असे तो म्हणत नाही. त्याबरोबर डोंगरावरील प्रवचनात येशूने सांगितले आहे की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. तुम्ही कॅथोलिक असाल तर गंभीर पापानंतर आधी पापनिवेदन करणे तुमच्या मंडळीच्या शिकवणुकीप्रमाणे आवश्यकच आहे. अन्यथा माझा सल्ला असा की पुढच्या प्रभुभोजनाची तारीख पाहून ठेवा, त्याआधी ते खाते बंद करा, पत्नीशी बोला आणि भावाला भेटण्याची वेळ ठरवा. भावाशी समेट त्या तारखेपर्यंत पुरा झाला नाही तरी हरकत नाही, कारण तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही. तुमच्या बाजूने सुरुवात झाली असेल तर मेजाजवळ या.